ब्रिटनमधला विरोधी पक्षनेता छाया मंत्रिमंडळात फेरबदल करतो म्हणजे नेमकं काय करतो?

निळावंती

ब्रिटिश संसदेच्या बातम्यांत विरोधी पक्षाच्या फेरबदलाचं वर्णन असतं, पण कोण आलं आणि कोण गेलं यापलीकडे काही हाती लागत नाही. छाया मंत्रिमंडळ म्हणजे सरकारच्या एकेका मंत्र्यासमोर विरोधकांनी उभा केलेला आपला माणूस, एवढं ठाऊक आहे. मला फेरबदलामागची रीत समजून घ्यायची आहे. नेत्याला कुणालाही काढता येतं का? फेरबदलाच्या दिवशी आधी कुणाला बोलावतात? एखाद्यानं नवं खातं घ्यायला नकार दिला तर पुढे काय? जानेवारी २०१६ मध्ये तेव्हाचे मजूर पक्षनेते कॉर्बिन यांना तीस तासांहून अधिक वेळ लागला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांच्यानंतरचे नेते स्टार्मर यांनी याहून मोठा फेरबदल एका दिवसात उरकला. हा फरक कशामुळे? स्वभावाची चिकित्सा नको, यंत्रणा समजावून सांगा.

---

प्रतोद

आधी कायद्याची बाजू, कारण ती फार छोटी आहे. छाया मंत्र्याला शपथ नाही, शिक्का नाही, राजाची संमती नाही. नेता फोन करतो, समोरचा हो म्हणतो, पक्षाचं कार्यालय नाव जाहीर करतं. नेमणूक झाली.

पगाराचं मात्र लक्षात ठेवा. १९७५ च्या मंत्री वेतन कायद्यानुसार कॉमन्समध्ये (कनिष्ठ सभागृहात) विरोधी बाजूच्या फक्त चौघांना जादा सरकारी वेतन मिळू शकतं : विरोधी पक्षनेता, मुख्य प्रतोद आणि जास्तीत जास्त दोन सहायक प्रतोद. लॉर्ड्समध्ये (वरिष्ठ सभागृहात) नेता आणि मुख्य प्रतोद. छाया अर्थमंत्री, छाया परराष्ट्रमंत्री यांना खासदारकीच्या पगारावर या पदापोटी सरकारकडून एक पेनीही मिळत नाही. पंतप्रधान एखाद्याला काढतात तेव्हा त्याचा पगार, गाडी, कचेरी, सचिव सगळं एका फटक्यात जातं. विरोधी पक्षनेत्याच्या हातात असं काही नसतं. देऊ शकतो ते एवढंच : डिस्पॅच बॉक्सवरची (सभागृहात पुढे उभं राहून बोलण्याची) जागा आणि उद्या सत्ता आली तर मंत्रिपद मिळण्याची आशा. ती आशा जितकी खरी वाटते, तितकाच नेत्याचा शब्द चालतो. २०१६ आणि २०२१ मधल्या फरकाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आता पक्षांचे नियम. हुजूर पक्षात नेता स्वतः निवडतो, विषय संपला. मजूर पक्षात मात्र विरोधात असताना छाया मंत्रिमंडळ खासदारच मतदानानं निवडत. ऑक्टोबर २०१० ची निवडणूक शेवटची ठरली : १९ जागांसाठी ४९ उमेदवार, सर्वाधिक २३२ मतं इव्हेट कूपर यांना. त्या पद्धतीत नेता खाती वाटू शकत असे, पण माणूस त्याला मिळेल तोच. जानेवारी २०११ मध्ये ॲलन जॉन्सन छाया अर्थमंत्रिपदावरून गेले तेव्हा पक्षनेते एड मिलिबँड यांनी निवडून आलेल्यांतूनच एड बॉल्स यांना उचललं. त्याच वर्षी ही निवडणूक रद्द झाली. २०१६ मध्ये खासदारांनी ती परत मागितली, मिळाली नाही.

तरीही मजूर पक्षात नेत्याच्या हाताबाहेरची पदं उरतातच. उपनेता पक्षसदस्य निवडतात, त्यामुळे त्याचं खातं काढता येतं, उपनेतेपद नाही. लॉर्ड्समधला नेता तिथले मजूर सदस्य निवडतात.

---

आडकित्ता

दिवसाचा क्रम सांगतो.

तयारी मोजक्या लोकांत होते : नेता, त्याचा कार्यालयप्रमुख, मुख्य प्रतोद. प्रतोदाचं काम नुसतं निरोप पोचवण्याचं नसतं. कोण किती दुखावेल, कुणाच्या मागे किती खासदार आहेत, कोण नकार देईल, याचा अंदाज त्याच्याकडूनच यायला हवा. म्हणून मुख्य प्रतोदालाच बदलायचं असेल तर ते एक तर सर्वांत आधी करतात किंवा त्याच्याकडून सगळं उरकून घेऊन शेवटी. अधेमध्ये केलं तर घोळ.

मग साखळ्या मांडायच्या. २०२१ चा नोव्हेंबर यासाठी उत्तम नमुना आहे, कागदावर काढून बघा. कूपर मागच्या बाकावरून (म्हणजे छाया पद नसलेल्या खासदारांतून) छाया गृहमंत्री झाल्या. तिथले निक थॉमस-सिमंड्स आंतरराष्ट्रीय व्यापाराकडे गेले, तिथल्या एमिली थॉर्नबेरी छाया ॲटर्नी जनरल (सरकारच्या मुख्य कायदा सल्लागाराचं छाया पद) झाल्या आणि त्या पदावरचे लॉर्ड फाल्कनर बाहेर पडले. ही उघडी साखळी : एका टोकाला नवा माणूस आत, दुसऱ्या टोकाला जुना बाहेर. त्याच दिवशी दुसरीकडे बंद साखळी होती. डेव्हिड लॅमी न्याय खात्यातून परराष्ट्रकडे, लिसा नँडी परराष्ट्रकडून स्टीव्ह रीड यांच्या स्थानिक शासन खात्याकडे, आणि रीड न्याय खात्याकडे. तिघं, तीन खाती, बाहेर कुणीच नाही.

उघड्या साखळीत सुरुवात बाहेर जाणाऱ्यापासून करावी लागते. खुर्ची रिकामी व्हायच्या आधीच ती दुसऱ्याला देऊ केली आणि बातमी फुटली, तर जाणाऱ्याला बातमी पत्रकाराकडून कळते आणि तो राजीनाम्याचं पत्र आधी प्रसिद्ध करून मोकळा होतो. मग ‘काढलं’ याऐवजी ‘सोडून गेला’ असा मथळा होतो. म्हणून आधी काढायचे, मग मोठी तीन खाती (अर्थ, परराष्ट्र, गृह), मग बाकीचे. बंद साखळी जास्त नाजूक. तिघांपैकी एक अडला की उरलेले दोघे टांगलेले, कारण राखीव जागाच नसते. जाणते नेते अशा वेळी एखादं बिनखात्याचं पद हाताशी ठेवतात. पक्षाध्यक्षपद, प्रचार समन्वयक, काहीही चालतं. मे २०२१ मध्ये अॅनेलीझ डॉड्स यांच्याकडून अर्थ खातं काढून रेचल रीव्ह्ज यांना दिलं, तेव्हा डॉड्स यांना पक्षाध्यक्षपदावर बसवलं होतं.

आणि एक : ज्याला काढायचं त्याला समोर बसवून सांगायचं, फोनवर नाही. पण संसदेतल्या कचेरीच्या बोळात वार्ताहर उभे असतात. आत जाणारा दहा मिनिटांत पडल्या चेहऱ्यानं बाहेर आला की वेगळं निवेदन लागत नाही.

---

खिडकी

काय बिघडतं ते मी सांगते, कारण खरी शिकवण तिथे आहे.

जानेवारी २०१६. सोमवारी ४ तारखेला सुरू झालेला फेरबदल बुधवारी पहाटे संपला. हिलरी बेन यांना परराष्ट्र खात्यावरून काढणार अशी चर्चा आधीच पसरली होती. पसरलेली चर्चा म्हणजे समोरच्याला मिळालेली तयारीची मुदत. बेन गेले तर त्यांच्यापाठोपाठ किती जण जातील याची मोजदाद दोन्ही बाजूंनी झाली आणि शेवटी बेन जागेवरच राहिले. मायकेल डगर आणि पॅट मॅकफॅडन गेले, मरिया ईगल संरक्षणाकडून सांस्कृतिक खात्याकडे आल्या, संरक्षण थॉर्नबेरी यांना मिळालं. बुधवारी तिघा कनिष्ठ सदस्यांनी राजीनामे दिले. त्यांतले स्टीफन डाउटी यांनी तर पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांच्या तोंडावर दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपणात. दोन दिवस खर्च झाले आणि ज्याच्यासाठी हा घाट घातला ते झालंच नाही.

त्याच वर्षी २६ जूनच्या मध्यरात्रीनंतर बेन यांना काढलं. या खेपेला साखळीच नव्हती, एकच माणूस काढला. पण पुढच्या काही दिवसांत छाया मंत्रिमंडळातले वीसहून अधिक जण बाहेर पडले आणि २८ तारखेला खासदारांनी १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास नोंदवला. प्रतोद म्हणतात ते इथे लागू पडतं : कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली आपण मंत्री होऊ असं ज्यांना वाटतच नव्हतं, त्यांना पद सोडताना गमवायचं काय होतं?

पुढे माणसांचा तुटवडा पडला. ८१ वर्षांचे पॉल फ्लिन छाया वेल्समंत्री आणि सभागृहाचे छाया नेते अशी दोन पदं सांभाळू लागले. मजूर पक्षाचा स्कॉटलंडमधला एकमेव खासदार राजीनामा देऊन गेलेला, म्हणून स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड ही दोन्ही खाती डेव्ह अँडरसन या इंग्लंडमधल्या खासदाराकडे.

हुजूर पक्षाला २०२४ नंतर हाच प्रश्न वेगळ्या कारणानं भेडसावतो. त्यांचे १२१ खासदार निवडून आले. सरकारला १९७५ च्या कायद्यानं तेव्हा १०९ पगारी मंत्री ठेवता येत होते. माणसाला माणूस लावायचा म्हटला तर मागच्या बाकांवर जेमतेम मूठभर लोक उरतील, शिवाय समित्यांना माणसं हवीतच. म्हणून कनिष्ठ पातळीवर एकाकडे दोन कामं. वेल्समध्ये त्यांची एकही जागा आली नाही, तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्षनेत्या केमी बेडनॉक यांनी वेल्स खातं मिम्स डेव्हिस यांना दिलं. त्यांचा मतदारसंघ इंग्लंडच्या दक्षिणेत आहे. लॉर्ड्समधला माणूस नेमता येतो, पण तो कॉमन्समध्ये मंत्र्याला प्रश्न विचारू शकत नाही. ॲटर्नी जनरलसारख्या पदाला हे चालून जातं, ज्या खात्याचे प्रश्न कॉमन्समध्ये तापतात तिथे नाही.

---

निळावंती

साखळ्यांचं आता नीट समजलं. दोन उपप्रश्न. मे २०२१ मध्ये अँजेला रेनर यांना काढलं आणि त्यांना आणखी मोठी पदं मिळाली असं वाचलं, ते कसं? आणि नवा माणूस आल्यावर दुसऱ्या दिवशी सभागृहात काय होतं?

---

प्रतोद

रेनर यांचं उत्तर वर येऊन गेलं : उपनेतेपद निवडून मिळालेलं. शनिवारी ८ मे रोजी त्यांना पक्षाध्यक्षपदावरून आणि प्रचार समन्वयक पदावरून हटवल्याची बातमी फुटली, तेव्हा बदल्यात काय देणार ते ठरलेलं नव्हतं. हीच चूक. जिला पूर्ण काढता येत नाही तिच्याशी सौदा आधी करायचा असतो. बातमी आधी आणि बोलणी मागून झाली की किंमत वाढते, आणि ती वाढली. रविवारी रात्री त्यांच्याकडे डची ऑफ लँकेस्टरचं छाया पद, फर्स्ट सेक्रेटरीचं छाया पद (दोन्ही सरकारातल्या वरिष्ठ मंत्रिपदांच्या जोडीची) आणि कामाच्या भवितव्याचं खातं असं सगळं आलं. शिवाय ६ मेच्या निवडणुकांचे निकाल अजून लागत होते. हार्टलपूलची पोटनिवडणूक गमावल्याची बातमी मागे पडावी ही अपेक्षा असेल तर मागे पडल्या त्या महापौर निवडणुकांतल्या पक्षाच्या विजयांच्या बातम्या.

---

रात्रपाळी

दुसऱ्या प्रश्नाकडे मी वळतो, कारण बातम्या यादी लागली की थांबतात आणि काम तिथे सुरू होतं.

प्रत्येक खात्याची तोंडी प्रश्नोत्तरं साधारण पाच आठवड्यांनी येतात. फेरबदल ठरवताना हे वेळापत्रक समोर हवं. सोमवारी खातं दिलं आणि मंगळवारी त्याच खात्याचे प्रश्न असतील तर नव्या माणसाला एक रात्र मिळते. मंत्र्याचं निवेदन असेल तर त्याची प्रत निवेदनाच्या किमान ४५ मिनिटं आधी विरोधकांसाठी सरकारी मुख्य प्रतोदांच्या कार्यालयात पोचावी असा मंत्र्यांच्या आचारसंहितेचा दंडक आहे. जुन्या माणसाला पाऊण तास पुरतो, नव्याला नाही. म्हणून संसदेच्या सुट्टीच्या तोंडाशी किंवा सुट्टी संपताना फेरबदल करणं सोयीचं. ४ सप्टेंबर २०२३ चा स्टार्मर यांचा फेरबदल उन्हाळी सुट्टीनंतर सभागृह भरलं त्याच दिवशी झाला.

विधेयक समितीत अडकलेल्याला हलवणं त्रासाचं. तिथे पुढच्या बाकावरचा सदस्य समितीचा नेमलेला सदस्य असतो. तो बदलायचा तर निवड समितीकडून एकाला मोकळं करून दुसऱ्याला नेमून घ्यावं लागतं. कलमावार चर्चा निम्मी झालेली, दुरुस्त्या जुन्याच्या नावावर, आणि नव्यानं त्या वाचलेल्याही नसतात. शहाणा प्रतोद अशा माणसाला समिती संपेपर्यंत हात लावू देत नाही.

स्थायी चौकशी समितीचा अध्यक्ष पुढच्या बाकावर आला तर त्याला अध्यक्षपद सोडावं लागतं आणि २०१० पासून बहुतेक समित्यांचे अध्यक्ष अख्खं सभागृह निवडतं. कूपर गृह खात्याच्या समितीवरून उठल्या तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये निवडणूक होऊन डायना जॉन्सन आल्या. समिती कोणत्या पक्षाकडे हे आधीच ठरलेलं असल्यानं पद मजूर पक्षातच राहिलं, पण व्यक्ती नेत्याच्या मर्जीची येईल याची हमी नाही.

मग सल्लागार. त्यांचे पगार बहुधा ‘शॉर्ट मनी’तून होतात. विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी मिळणारा हा सरकारी निधी १९७५ पासूनचा, तेव्हाचे सभागृह नेते एडवर्ड शॉर्ट यांच्या नावानं ओळखला जातो. रक्कम जागांच्या आणि मतांच्या हिशेबानं पक्षाला मिळते, व्यक्तीला नाही. त्यामुळे छाया मंत्री हलला की त्याच्या सल्लागाराचं काय हा प्रश्न नेत्याच्या कार्यालयात येतो. खात्यातला जाणकार सल्लागार जागेवर ठेवला तर नवा माणूस दोन आठवड्यांत तयार होतो, दोघेही गेले तर दोन महिने.

कनिष्ठ पदं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरतात. वरचा माणूस बदलला आणि खालची फळी त्याला न विचारता नेमली, तर ती टीम कागदावरच टीम असते.

---

आडकित्ता

एक भर घालतो. फेरबदलाचं कारण दर वेळी राजकारणच असतं असं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांनी व्यवसाय-ऊर्जा खात्याची फोड करून विज्ञान-तंत्रज्ञान आणि ऊर्जासुरक्षा ही वेगळी खाती काढली. विरोधकांची रचना जुनीच राहिली तर नव्या खात्याच्या प्रश्नोत्तरांना नेमकं कोण उभं राहणार हे अडतं. सप्टेंबरच्या फेरबदलात पीटर काइल यांना विज्ञान-तंत्रज्ञान मिळालं ते या जुळवणीचाच भाग होतं. जानेवारी २०२४ पासून छाया मंत्र्यांना खात्याच्या सचिवांशी निवडणूकपूर्व बोलणी करायची परवानगी मिळाली. ती सुरू झाल्यावर माणूस हलवला तर नव्यानं पहिल्यापासून बसावं लागतं, म्हणून सत्ता जवळ दिसू लागली की मोठे फेरबदल त्याआधी उरकून घेतात.

रात्रपाळींच्या सुट्टीच्या मुद्द्याशी मात्र पूर्ण सहमत नाही. सुट्टीत खासदार मतदारसंघांत पांगलेले असतात, समोर बसवून सांगणं जमत नाही, सगळं फोनवर येतं. सभागृह भरलेल्या सोमवारी सकाळीच सुरुवात करावी आणि त्या आठवड्याच्या प्रश्नोत्तरांत ज्यांची खाती आहेत त्यांना शक्यतो हलवू नये.

---

खिडकी

सोमवार चालेल, पण सकाळी उपनेत्याचं भाषण आहे का तेवढं बघून. २९ नोव्हेंबर २०२१ ला रेनर भाषण आणि पत्रकारांचे प्रश्न यांत गुंतलेल्या असतानाच फेरबदलाची बातमी आली आणि तपशील त्यांना ठाऊक नव्हता. फेरबदल नीट पार पडला, पण त्या दिवशीची पहिली चर्चा त्याचीच झाली.