जीपमधून घों घों आणि रिव्हर्सला टक्, मदत हवी आहे (अर्जंट)

रानातली_जीप: मंडळी, जीप आवाज करतेय. पन्नासच्या पुढं गेलं की घों घों, सीटखाली थरथर आणि रिव्हर्स टाकला की खालून टक्. दोन ठिकाणी दाखवली. एक म्हणतो मागच्या ॲक्सलचं हाऊसिंग खोलावं लागेल, दुसरा म्हणतो जुनी गाडी आहे, आवाज करणारच. रविवारी सासऱ्यांना घेऊन गगनबावड्याकडच्या रानात जायचंय. पावसात तिथला शेवटचा तुकडा फोर बाय फोरशिवाय होत नाही. लवकर सांगा.

बावड्याचा_पैलवान: क्रॉस गेलाय भावा, चाकांकडं ताकद नेणाऱ्या दांड्याचा (शाफ्टचा) सांधा. डोळे झाकून बदल.

उद्यमनगरी: साल कुठलं, हब लॉकवाले (पुढची चाकं शाफ्टपासून सुटी करता येणारे) की साधे, आवाज टू-व्हीलवर की फोरवर? पत्रिका बघायला जन्मवेळ तरी लागते की.

रानातली_जीप: ९७ ची डिझेल. हब साधे. आवाज टू-व्हीलवरच येतो. फोर लावून रंकाळ्याला एक चक्कर मारली, तर वळणावर चाकं अडखळल्यासारखी करायला लागली आणि नंतर लिव्हर निघेना. ते पण बिघडलंय का? आणि भावा नाही, ताई म्हणा.

उद्यमनगरी: ताई, कोरड्या डांबरावर फोर लावायची नसते! पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नाही तुमच्या गाडीत. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, आणि तो फरक जायला जागाच नाही. चिखलात चाक घसरून सुटतं, डांबरावर सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. लिव्हर अडकली तर गाडी सरळ रिव्हर्स घ्या थोडी, सुटते. ते बिघडलेलं नाही.

दुधाळी_८८: हाऊसिंगमध्ये पिकलेली केळी घालायची. आमच्या आजोबांनी घातलेली, आवाज बंद.

बावड्याचा_पैलवान: आणि मग गाडी विकली असेल.

दुधाळी_८८: विकली, पण त्याचा काय संबंध?

घाटवेडा: गगनबावड्याला जाताय तर करूळ बरा की भुईबावडा? कोकणात उतरायचंय मला पुढच्या आठवड्यात.

रानातली_जीप: आम्ही घाट उतरतच नाही हो, रान अलीकडंच आहे.

उद्यमनगरी: विषय सोडू नका. सपाट मोकळ्या रस्त्यावर साठला न्या, गॅस सोडा. सूर बदलला तर क्राऊन-पिनियन, म्हणजे हाऊसिंगमधले गिअर, बघावं लागेल. मग स्टिअरिंग हलकं डावी-उजवीकडं करा, त्यानं बदलला तर चाकाचं बेअरिंग. शेवटी क्लच दाबून न्यूट्रल करा. तरी घों घों राहिलं तर इंजिन-क्लच सोडून द्या, दुखणं मागं आहे. उतारावर न्यूट्रल करू नका.

रानातली_जीप: केलं. सूर कशानंच बदलत नाही. न्यूट्रलला पण तसाच, वेग कमी झाला की कमी.

उद्यमनगरी: मग शाफ्ट. मध्यंतरी कुणी खोललेला का?

रानातली_जीप: नाही. म्हणजे गेल्या महिन्यात क्लच प्लेट टाकली तेव्हा गिअरबॉक्स उतरवलेला. त्याच्यानंतरच सुरू झालं बहुतेक.

उद्यमनगरी: हे आत्ता सांगताय होय!

शाफ्ट मधे दोन तुकड्यांचा असतो, दातऱ्यांवर सरकणारा. काढला आणि एक-दोन दात इकडं-तिकडं बसवला की गेलं. क्रॉस तिरका फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचं टोक एका फेऱ्यात दोनदा पळतं, दोनदा मागं पडतं. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते सावरतो, पण शाफ्टची दोन्ही योक (क्रॉस बसतो ती बेचकी) एका रेषेत असली तरच. कंपनीनं बाण कोरलेले असतात. तारेचा ब्रश मारून बघा.

बावड्याचा_पैलवान: एवढं पुराण कशाला, क्रॉस बदला म्हटलं ना.

रानातली_जीप: काल पोरीला टॉर्च धरायला लावून खाली झोपले. मागच्या शाफ्टवर चिखलाचं बोटभर जाड कवच, रॉकेल लावून खरवडलं तर एक बाण वर आणि दुसरा चार दात बाजूला! आणखी एक दिसलं. पुढच्या शाफ्टच्या क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस पूड होती. जांभ्याची माती म्हणून पुसली, सकाळी चक्कर मारून बघितलं तर परत तेवढीच.

उद्यमनगरी: ती गंजाची पूड. टोपीतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्यात. तुमचे हब साधे, म्हणजे टू-व्हीलवर पण पुढचा शाफ्ट फिरतोच. तो क्रॉस बदला. बाकीच्यांत ग्रीस मारा, चारी टोप्यांतून नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत.

रानातली_जीप: आज बाण जुळवून बसवून घेतला. शिरोली नाक्यापर्यंत साठनं नेली, घों घों गेलं, थरथर पण नाही. रिव्हर्सला टक् आहेच. पुढचा क्रॉस शनिवारी मिळतोय.

बावड्याचा_पैलवान: पहिल्याच पोस्टला क्रॉस म्हटलेलं मी.

उद्यमनगरी: घों घों क्रॉसचं नव्हतं पैलवान. आणि ताई, रिव्हर्सचं टक् मागच्या शाफ्टचं असणार. चाकांना दगड लावा, न्यूट्रल करा, मागचा शाफ्ट हातानं उलटसुलट पिळा. क्रॉसमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे की पिनियनमध्ये, ते रविवारच्या आधी सांगा.

घाटवेडा: करूळ की भुईबावडा, सांगा की कुणीतरी.