मुलीच्या शाळेतील ‘आदिवासी नृत्य’ आणि आमचे आडनाव

डांगची लेक (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी नाशिकमधील एका शाळेत दुसरीत शिकते. स्नेहसंमेलनासाठी तिच्या वर्गाचे ‘आदिवासी नृत्य’ बसवले जात असून परवा तिने वहीत लिहून आणलेली सूचना अशी होती : काळे कपडे, कमरेला हिरव्या कागदाची पाने, डोक्याला पीस आणि तोंडाला काळा रंग. नाचात निवड झाल्याचा तिला इतका आनंद झाला होता, की तिच्यासमोर मला काही बोलवले नाही.

आम्ही कोकणा या आदिवासी जमातीचे आहोत. माझे माहेर आणि सासर दोन्ही सुरगाणा तालुक्यातले. आडनाव पवार. आमच्यात पवार, गायकवाड, देशमुख ही आडनावे सर्रास असतात हे शहरात फारसे कोणाला ठाऊक नसते, त्यामुळे शिक्षणासाठी नाशिकला आल्यापासून लोक मला मराठा धरूनच चालत आले आणि मीही तो समज कधी दुरुस्त केला नाही. याचा परिणाम असा झाला, की आदिवासींविषयी लोक आपसात जे बोलतात ते मला सगळे ऐकायला मिळाले. वसतिगृहात एका मैत्रिणीला मी खरे सांगितले, तेव्हा ती अगदी प्रेमाने म्हणाली, ‘‘तू त्यांच्यातली वाटत नाहीस.’’ तिला ती स्तुती वाटत होती. त्या दिवसापासून मी बोलण्यातले गावाकडचे हेल जाणीवपूर्वक काढून टाकले.

मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा नाशिकहून पायी मुंबईला निघाला, तेव्हा वनजमिनीचा दावा अडकून पडलेले माझे वडील त्यात लाल टोपी घालून चालत होते. ऑफिसमध्ये चहाच्या वेळी एक सहकारी म्हणाले, की या लोकांना पैसे देऊन आणलेले असते. वडिलांच्या पायाला फोड आल्याचे मला आदल्याच रात्री फोनवर कळले होते, आणि तरीही मी कप हातात धरून गप्प बसले. त्या गप्प बसण्याची लाज मला आजही वाटते.

वर्गशिक्षिकेला हे सांगावे का, आणि सांगायचे तर मुलीला आधी काय सांगावे? आपण आदिवासी आहोत हा शब्द आमच्या घरात तिच्यासमोर अजून कधी उच्चारला गेलेला नाही.

भावलीकाठ

ताई, मी इगतपुरी तालुक्यातला महादेव कोळी आहे आणि माझा अनुभव तुमच्या अगदी उलटा आहे. माझी जमात नोकरीच्या पहिल्या दिवशीच सर्वांना माहीत होती. माझ्या हातून चूक झाली की ती ‘कोट्यातून आलेल्याची’ चूक ठरे आणि काम चांगले झाले की ते माझ्या एकट्याचे असे. जमातीच्या खात्यावर फक्त चुका जमा होत गेल्या.

दुसरी गोष्ट याहून विचित्र आहे. जात पडताळणीच्या वेळी मला आमचे देव, लग्नाच्या आणि मयताच्या रूढी, बोली यांविषयी प्रश्न विचारले गेले. याला ‘ॲफिनिटी टेस्ट’ म्हणतात. शहरात ज्या खुणा पुसाव्यात अशी अपेक्षा असते, त्याच खुणा तिथे शाबूत दाखवाव्या लागतात, आणि माझ्यासारख्या बोर्डिंगात वाढलेल्या मुलाला त्यातल्या निम्म्या आईला फोन करून विचाराव्या लागल्या. ही चाचणी म्हणजे जमात ठरवण्याची एकमेव कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले, परंतु त्या खोलीत बसून स्वतःच्या आजीचे देव पाठ म्हणून दाखवताना जे वाटले ते अजून गेलेले नाही.

मुलीला आजच सांगा. तिला ते एखाद्या कागदावरून किंवा दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नका. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यातील सुमारे चौथा हिस्सा लोक अनुसूचित जमातींचे आहेत. तिला कुठल्या दूरच्या अरण्याची गोष्ट सांगायची नाही, आजोबांची सांगायची आहे.

जुने नाशिक

मी आदिवासी नाही, त्यामुळे सल्ला देत नाही. मात्र तोंडाला काळा रंग फासण्याविषयी वाचून आपल्याच शहरातील एक गोष्ट आठवली. शरणपूर रस्त्याने आपण रोज जातो. एकोणिसाव्या शतकात त्या शरणपूरच्या मिशन वसाहतीत आफ्रिकन मुलांसाठी आश्रम होता. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रज आरमार पकडत असे आणि त्यांवरून सुटलेली काही मुले मुंबईमार्गे इथे आणली जात. त्यांना नवी ख्रिस्ती नावे मिळत आणि सुतारकाम, लोहारकाम यांचे शिक्षण दिले जाई. त्यांच्यापैकी पूर्व आफ्रिकेतील याओ समाजातला जेकब वेनराइट हा आफ्रिकेचे संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या मोहिमेत सामील झाला आणि १८७३ मध्ये ते वारल्यावर त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे दफन झाले तेव्हाही तो तिथे हजर होता.

मला अधिक विचार करायला लावतो तो पुढचा भाग. १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रेअर टाउन ही वस्ती वसली आणि इथे वाढलेल्यांपैकी अनेक जण तिकडे गेले. आपल्याकडे ते आफ्रिकन होते. आफ्रिकेत पाऊल ठेवल्यावर त्यांचे नाव पडले ‘बॉम्बे आफ्रिकन’. दोन्ही किनाऱ्यांवर त्यांची ओळख दुसऱ्यांनीच ठरवली. तुमच्या मुलीच्या बाबतीत निदान हे काम तुमच्या हाती आहे.

खडू-फळा

मी प्राथमिक शिक्षिका आहे, आणि हे लिहिणे मला सोपे नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः असेच नृत्य बसवले होते, तसेच रंग, तशीच पाने. पेठ तालुक्यातून आलेला एक मुलगा सरावाच्या वेळी मला म्हणाला, ‘‘बाई, हे कोणत्या गावचे आहेत?’’ त्याने अगदी सरळपणे विचारले होते. मला उत्तर देता आले नाही आणि तरीही मी कार्यक्रम तसाच पार पाडला, कारण कपडे भाड्याने आणून झाले होते.

म्हणून माझी विनंती एवढीच, की लगेच भेटा, मुख्याध्यापकांकडे अर्ज करण्यापूर्वी त्या बाईंना एकटीला भेटा, आणि फक्त ‘हे करू नका’ असे न सांगता त्याऐवजी काय करता येईल तेही सोबत घेऊन जा. आमच्यापैकी बहुतेकींनी आदिवासी नृत्य केवळ पडद्यावर पाहिलेले असते.

डांगची लेक

सर्वांचे मनापासून आभार. मी काल बाईंना भेटले. ‘‘आम्ही कोकणा आहोत’’ हे वाक्य मी शहरात आल्यापासून पहिल्यांदाच स्वतःहून उच्चारले आणि ते म्हणताना माझा आवाज कापत होता. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, की तुमच्याकडे खरोखर काय असते? मी त्यांना वाघबारशीच्या सणाविषयी सांगितले, गुराख्यांची पोरे वाघ होऊन कशी धावतात ते सांगितले, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्री भोपळ्याच्या पावरी या वाद्यावर धरलेला फेर सांगितला. काळा रंग रद्द झाला आहे. पाने मात्र राहणार आहेत, कारण काही पालकांनी ती आणून दिली आहेत. मला ते आवडलेले नाही आणि मी तसे त्यांना सांगितले.

रात्री मुलीशी बोलले. तिने विचारले, ‘‘मग आजोबा पण आदिवासी आहेत?’’ मी हो म्हटल्यावर ती म्हणाली, ‘‘पण ते तर सदरा आणि टोपी घालतात,’’ आणि लगेच वही उघडून पानांच्या ओळीवर रेघ मारून तिने खाली ‘टोपी’ असे लिहिले. वडिलांना फोन केला आहे. स्नेहसंमेलनाला ते सुरगाण्याहून पहिल्या एसटीने येणार आहेत.