नक्कल आणि राजकीय उपहास

‘नक्कल म्हणजे निव्वळ आवाज काढणे’ असे काही जण म्हणतात, पण ती तेवढीच नसते हे दाखवण्यासाठी अमेरिकेतील विनोदी नट डेना कार्व्ही यांचे उदाहरण देतो. १९८६ ते १९९३ या काळात ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमात काम करणाऱ्या कार्व्हींनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांची जी नक्कल रंगवली, तिचा जीव हातवाऱ्यांत आणि तुटक, अर्धवट सोडलेल्या वाक्यांत होता, चेहऱ्यातले साम्य नावापुरतेच होते. १९९२ची निवडणूक हरल्यावर बुश यांनी त्याच डिसेंबरात, खचलेल्या कर्मचाऱ्यांना हसवण्यासाठी, खुद्द कार्व्हींनाच व्हाइट हाउसमध्ये बोलावले. (आपल्याकडे असा दिलदारपणा किती पराभूत नेते दाखवतील?) अर्थात, ज्याची टर उडवायची त्याच्याशीच असा जिव्हाळा जडला की उपहासाची धार बोथट होते, हा आक्षेपही मला रास्त वाटतो.