प्रति: आमदार करतो तरी काय?

वर कुणीतरी लिहिलंय की गल्लीतलं गटार तुंबलं तरी आमदार फिरकत नाही, मग मत कशाला द्यायचं? तुमचा राग समजतो, पण गटार हे नगरसेवकाचं आणि पालिकेचं काम. आमदाराला त्यात ओढलं की तो खूशच होतो, कारण फोन फिरवून गटार साफ करून देणं सोपं, सभागृहात अभ्यास करून बोलणं अवघड.

आमदार निधीबद्दलही गैरसमज फार आहेत. २०२२ पासून वर्षाला ५ कोटी मिळतात हे खरं, पण ते त्याच्या हातात येत नाहीत. तो फक्त काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून येते. फलकावर नाव मात्र त्याचंच मोठं!

आमदार जोखायचा असेल तर त्याचे तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो) आणि लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) बघा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात. साचा ठरलेला: अमुक रुग्णालयात डॉक्टरांची पदं रिक्त आहेत हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली काय, नसल्यास विलंबाची कारणे काय? त्यावर मंत्र्याचं उत्तर, 'हे अंशतः खरे आहे' किंवा 'प्रश्न उद्भवत नाही'. खरी कसोटी इथेच. ज्या आमदाराला विषय माहीत असतो तो त्या उत्तरावर लगेच विचारलेल्या उपप्रश्नात मंत्र्याला धरतो आणि तारीख वदवून घेतो. बाकीचे उत्तर ऐकून खाली बसतात.

पुढच्या वेळी आमदाराला भेटलात तर तुमच्या भागातल्या रिक्त पदांची यादी लेखी द्या आणि अधिवेशनात प्रश्न लावाल का, एवढंच विचारा.