एम-४ चा गिअरबॉक्स गेला: दुरुस्त करू की नवीन घेऊ?

घोरपड_४:
एअरसॉफ्ट (प्लास्टिकच्या गोळ्या मारायचा खेळ) खेळायची इलेक्ट्रिक एम-४ गन आहे, व्हर्जन २ गिअरबॉक्स, सहा वर्षं वापरातली. मागच्या गेममध्ये एक लांब बर्स्ट मारला आणि आवाज एकदम बदलला. नेहमीची खटखट गेली, नुसतं घर्रर्र. मोटर फिरतेय, बीबी (प्लास्टिकची गोळी) बाहेर येत नाही.

घरी उघडली तर ग्रीसमध्ये पांढरा चुरा कालवल्यासारखा. पिस्टनचे मधले पाच दात साफ गेलेत, शेवटचा धातूचा तेवढा शाबूत. पण खरी धास्ती वेगळीच आहे. शेल, म्हणजे गिअरबॉक्सचं धातूचं कवच, पुसताना पुढच्या बाजूला, सिलिंडरची खिडकी जिथे संपते त्या कोपऱ्यात, केसाएवढी रेघ दिसली. आधी ग्रीसचा डाग वाटला. नख फिरवलं तर नख अडकतंय.

दोन वर्षांपूर्वी एम १२० ही जास्त कडक स्प्रिंग घातली होती. बॅटरी ११.१ व्होल्टची लायपो (लिथियम पॉलिमर), मॉसफेट (ट्रिगरऐवजी मोटरचा करंट सोसणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) नाही. सोबतचे सगळे म्हणतात, भंगारात दे. पण शिम (गिअरखाली बसवायच्या पातळ चकत्या) लावायला मी हिच्यावर शिकलो, आणि हिचा हॉप-अप (बीबीला उलटी फिरकी देणारा भाग) असा जमलाय की ०.२५ ग्रॅमचा बीबी शेवटपर्यंत सरळ जातो. मन होत नाही टाकायचं. काय करावं?

लालपट्टी:
नुसता पिस्टन गेला असता तर विचारात पडायचं कारणच नव्हतं, एका दुपारचं काम. चीर आहे म्हणून प्रश्न. चुरा मात्र पूर्ण धुऊन काढा, बेअरिंगमध्ये शिरला की पुढचे गिअर खातो.

शिमकरी:
ती रेघ चीरच आहे आणि ती वाढणार. व्हर्जन २ ची ही ठरलेली जागा. प्रत्येक शॉटला पिस्टन सिलिंडर हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या पुढच्या झाकणावर, आपटतो, तो मार शेलच्या पुढच्या भिंतीवर जातो, आणि नेमकी तिथेच बाजूची भिंत खिडकीसाठी कापून बारीक केलेली असते. कोपरा काटकोनात असेल तर ताण तिथेच साठतो. चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका, ओतीव धातूवर तो जोड रोजचा मार सोसत नाही. शेल बदलावाच लागेल.

म्हणून गन गेली असं नाही. तोक्यो मारुईने १९९१ मध्ये पहिली एईजी (इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट गन) काढली, ती फामास या फ्रेंच रायफलची नक्कल. तिचा गिअरबॉक्स व्हर्जन १. पुढे एम-१६, एमपी-५ साठी व्हर्जन २ आला आणि बाकीच्या कंपन्यांनी तोच आराखडा उचलला. त्यामुळे याचा शेल, पिस्टन, नोझल वेगवेगळ्या कंपन्यांचे मिळतात. कंपनीचा स्वतःचा वेगळाच गिअरबॉक्स असता तर मी सरळ नवीन घ्या म्हटलं असतं.

पण आधी हे का मोडलं ते बघा, नाहीतर नवीन गनही याच वाटेने जाईल. एम १०० स्प्रिंगने ०.२० ग्रॅमचा बीबी साधारण सेकंदाला १०० मीटर जातो, म्हणजे १ जूल. एम १२० ने १२० मीटर धरला तर १.४४ जूल. वेग वीस टक्के वाढला, मार चव्वेचाळीस टक्के. त्यात ११.१ व्होल्टवर गिअर इतके जोरात फिरतात की फुलऑटोला (ट्रिगर दाबून सलग मारताना) पिस्टन पूर्ण पुढे जायच्या आत सेक्टर गिअरचा, म्हणजे पिस्टन मागे ओढणाऱ्या गिअरचा, दात परत येऊन त्याला धरतो. मधले दात असेच सोलले जातात.

आता सेक्टर गिअर आणि मोटरचा पिनियन (तिच्या टोकाचा छोटा गिअर) घासून पुसा, उजेडात धरा आणि एकेक दात मोजत बघा. ते ठीक असतील तर शेल आणि पिस्टन बदला. त्यांचेही दात खाल्ले असतील आणि मोटर गरम होत असेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडा.

वाळूचा_किल्ला:
माझं मत वेगळं आहे, मित्रा. मी असाच शेल बदलला. नंतर मोटर, नंतर वायरिंग, ट्रिगरचे काँटॅक्ट जळलेले निघाले. तीन महिने गन टेबलावर सुटी पडली होती आणि मी गेमला बाहेर उभा. तुला खेळायचंय ना? मग नवीन घे. ही बाजूला ठेव, सवडीने कर. हॉप-अप आणि नळी दुसऱ्या एम-४ मध्ये बसते का तेवढं आधी ताडून बघ.

शिमकरी:
पटलं. हातात दुसरी गन असली की दुरुस्तीही घाईची होत नाही.

घोरपड_४:
रात्री दिव्याखाली बसून बघितलं. सेक्टरचे सगळे दात धारदार आहेत, पिनियनही. फक्त ट्रिगरचे काँटॅक्ट काळे पडलेत.

तर ठरलं: नवा शेल, सगळे दात धातूचे असलेला पिस्टन, एम १०० स्प्रिंग, ७.४ ची लायपो आणि मॉसफेट. सिलिंडर हेडवर रबराचा पॅडही लावतो. तोवर भावाची गन मागून खेळेन. एक राहिलंच, जुन्या शेलमधल्या शिम तशाच नव्यात घालू का?

शिमकरी:
नको. शेल बदलला की मापं बदलतात. सगळ्या काढा आणि शून्यापासून लावा. शेल मिटून स्क्रू आवळल्यावर गिअर बोटाने मोकळे फिरले पाहिजेत, आणि वर-खाली हलवले तर जेमतेम जाणवेल इतकीच जागा राहिली पाहिजे. पॅड लावलात तर सेक्टरचा पहिला दात पिस्टनच्या दातावर सपाट बसतोय ना, तेही शेल मिटायच्या आधीच बघून घ्या.