सांडपाण्याने खाडीचा तळ मरतो की माजतो?

तळशोध्या:
'सांडपाणी सोडलं की तळाचे प्राणी मरतात' हे सरसकट वाक्य मला खटकतं. सांडपाणी सोडणाऱ्या नळाच्या तोंडाजवळचा गाळ चाळून बघा, कॅपिटेलासारखे बारीक कृमी खंडीभर सापडतील. मैला म्हणजे त्यांना आयतं अन्न, आणि त्यांच्यावर मासे नि पाणपक्षी पोसतात. शिवाय खाडीत खारटपणा सतत वर-खाली होतो, त्यामुळे स्वच्छ खाडीतही जाती मुळात कमीच. मग खापर फक्त सांडपाण्यावर का?

गाळातला:
नुसती डोकी काय मोजता? जाती मोजा, वजन करा. पिअरसन आणि रोझेनबर्ग या सागरी संशोधकांनी १९७८ मध्ये हा क्रम मांडलाय. सेंद्रिय भार, म्हणजे मैल्यासारखा कुजणारा माल, थोडा वाढला तर जाती नि वजन दोन्ही वाढतात. भार आणखी वाढला की मोठे, खोल बिळं करणारे प्राणी जातात आणि झटपट वाढणाऱ्या दोन-चार जातींची झुंबड उडते. तुम्हाला दिसली ती हीच झुंबड. भार त्याहून वाढला तर तीही उरत नाही.

आणि बिळं करणारे जाणं सगळ्यात महागात पडतं. ते बिळात पाणी खेळवतात म्हणून प्राणवायू गाळात उतरतो. ते नसले की उरलासुरला प्राणवायू कुजण्यात संपतो, सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचं फावतं, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यांच्या वासाचा तो काळा थर मग वर-वर सरकतो. त्यात शिंपल्यांनी जगायचं कसं?

ओहोटी:
खारटपणाचा मुद्दा मात्र उडवून लावू नका. निसर्गतः ताणाखालच्या खाडीतले प्राणी प्रदूषित जागेतल्यासारखेच दिसतात. एलियट आणि क्विंटिनो या संशोधकांनी २००७ मध्ये हाच पेच मांडला होता. तुलना करायचीच तर तेवढ्याच खारटपणाच्या, तशाच गाळाच्या जागेशी करा. समुद्राच्या तोंडाशी घेतलेला नमुना वरच्या अंगाच्या नमुन्याशेजारी ठेवून 'जाती घटल्या' म्हणणं ही शुद्ध फसवणूक.

तळशोध्या:
वजनाचं मान्य. पण तळ सावरतोही. अमेरिकेतल्या बोस्टन बंदरात मैल्याचा गाळ सोडणं १९९१ मध्ये थांबलं आणि काही वर्षांतच अँपेलिस्का या नळ्या बांधणाऱ्या चिमुकल्या कवचधाऱ्यांनी तळावर चादरच अंथरली.

गाळातला:
थांबलं म्हणून ना! हे उदाहरण तर माझ्या बाजूचं.