मदत हवी आहे: गेंड्याचे चार आणे (१९८८ ते २००२), चारही टांकसाळींचा पूर्ण संच

नमस्कार मंडळी,

गेंडा छाप स्टीलच्या पंचवीस पैशांचा साल आणि टांकसाळवार संच लावायला घेतलाय. १९८८ ते २००२ ही पंधरा वर्षं, आणि मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा या चार टांकसाळी. कागदावर साठ घरं होतात. बरीच भरलीत, पण आता अशा ठिकाणी आलोय की नुसतं शोधून भागत नाही, जाणत्यांना विचारावं लागतं.

मी खानापूर तालुक्यातला, कामाला बेळगावात. संच दुकानातून विकत आणून पुरा करायचा नाही, आपल्याच भागात फिरलेली नाणी जमवून करायचा असं ठरवलंय. आमच्याकडे सुट्टे दोन्हीकडून यायचे. कोल्हापूरकडच्या एसटीतून, हुबळी-धारवाडच्या बसमधून, निपाणीच्या तंबाखूच्या व्यवहारातून, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेतून. त्यामुळे सीमाभागातल्या एका डब्यात काय काय सापडतं हे बघण्यात मला संच पुरा होण्याइतकाच रस आहे. नाणं कुठल्या टांकसाळीचं ते सालाखालच्या बारीक खुणेवरून कळतं. आतापर्यंत तरी मुंबईचा डायमंड आणि हैदराबादची चांदणी भरपूर मिळालीत, नोएडाचं टिंब बरंच कमी, आणि कोलकात्याची कोरी, म्हणजे सालाखाली काहीच खूण नसलेली, सगळ्यात कमी.

नवीन जमवणाऱ्यांसाठी सांगतो, ही नाणी शोधायची जागा म्हणजे देवघर. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली, पण सव्वा रुपयाची दक्षिणा काही बाद झाली नाही. विड्यावर ठेवायला, कलशात टाकायला, नारळासोबत द्यायला चार आणे लागायचेच, म्हणून घरोघरी आई-आजींनी ते डबीत राखून ठेवलेत. आमच्या भटजीकाकांकडे तर पितळी डबा भरून होते. "घेऊन जा की, आता कोण विचारतंय," म्हणाले, पण बदल्यात तेवढ्याच रकमेची चालती नाणी द्या म्हणाले, ते बरोबरच आहे. शनिवार खूटाकडच्या एका जुन्या किराणा दुकानात मी "नाल्काणे अदाव एन्री?" (चार आणे आहेत का?) असं कन्नडमध्ये विचारलं तेव्हा मालकांनी गल्ल्याचा खालचा खण उपसून दिला.

डबा हाती आला की मी आधी लोहचुंबक फिरवतो. १९७२ ते १९९० ची तांबे-निकेलची पंचवीस पैशाची नाणी चिकटत नाहीत, गेंड्याची स्टीलची पटकन चिकटतात. १९८८, ८९ आणि ९० या तीन सालांत दोन्ही धातूंची नाणी निघाली, तिथे याचा फार उपयोग होतो. फक्त १९५७ ते ६८ च्या काळातली शुद्ध निकेलची पावलीही चुंबकाला चिकटते, तेव्हा चिकटलं म्हणजे गेंडाच असं धरून पुढचं न बघता टाकू नका.

आता अडचणी.

पहिली आणि मोठी: साठपैकी कुठली घरं मुळातच रिकामी आहेत? प्रत्येक टांकसाळीने प्रत्येक साली चार आणे पाडलेच असतील असं नाही. शेवटच्या वर्षांची, विशेषतः २००० नंतरची घरं मला संशयाची वाटतात. टांकसाळींचे उत्पादनाचे आकडे आर्थिक वर्षाचे असतात, एप्रिल ते मार्च, आणि नाण्यावरचं साल वेगळं, त्यामुळे त्या आकड्यांवरून थेट काही ठरवता येत नाही. कॅटलॉगमध्ये नोंद आहे एवढ्यावर माझं समाधान होत नाही. ज्यांनी ते नाणं स्वतः हातात धरलंय, भिंगाखाली बघितलंय, त्यांनीच "आहे" म्हणावं. २००१ आणि २००२ चं कोरं नाणं कुणाकडे आहे का? आणि १९८८ चं टिंबवालं? नोएडाची टांकसाळ सुरू झाली तीही १९८८ सालीच, म्हणून ते घर मला रिकामं सोडायचं नाही.

दुसरी: झिजलेला डायमंड आणि टिंब वेगळं कसं करायचं? १९९४ चं एक नाणं समोर ठेवून लिहितोय. गेंड्याच्या खांद्यावरची घडी बोटाला अजून लागते, सालाचे चारही आकडे स्वच्छ आहेत. आकड्यांच्या खाली मात्र एक फुगीर दाणा आहे. सोनाराचं दहापटीचं भिंग लावून, दिवा एका अंगाला ठेवून नाणं हळूहळू फिरवलं, तर दाण्याची वरची बाजू गोल दिसते आणि खालच्या बाजूला किंचित टोक आल्यासारखं वाटतं. टोक खरं धरलं तर मुंबई, सावलीचा खेळ धरला तर नोएडा. आकड्यांच्या वळणात, म्हणजे ९ च्या शेपटीत किंवा ४ च्या कोनात, या दोन टांकसाळींत काही फरक आहे का? किंवा खूण आणि सालाच्या मधल्या अंतरात? असा काही पक्का धागा असेल तर माझ्याकडची संशयित ढिगारी एका बैठकीत निकालात निघेल.

हैदराबादबद्दलही एक विचारायचंय. ती टांकसाळ १९९७ साली सैफाबादहून चेर्लापल्लीला गेली. माझ्याकडच्या आधीच्या आणि नंतरच्या नाण्यांत चांदणीचा आकार वेगळा वाटतो, नंतरची जरा नाजूक. हा स्थलांतराचा परिणाम की निव्वळ ठशाच्या, म्हणजे नाणं पाडायच्या साच्याच्या, झिजेचा?

तिसरी अडचण कोऱ्या नाण्यांची. खूण नाही म्हणजे कोलकाता, हे बोलायला सोपं आहे. पण ठशातल्या खुणेच्या खळग्यात ग्रीस किंवा धातूचा कीस बसला तर मुंबई-नोएडाचं नाणंही बिनखुणेचं निघू शकतं. शिवाय आता खूण घासून काढलेली नाणी फिरायला लागलीत. एका ऑनलाइन विक्रेत्याने मित्राला 'कोलकाता, दुर्मीळ' म्हणून पाठवलेलं नाणं मी बघितलं. सालाखालची जागा आजूबाजूपेक्षा जास्त चकचकीत, भिंगातून एकाच दिशेचे बारीक ओरखडे, आणि नाणं तिरकं धरलं की तिथे उजेड जरासा खाली बुडाल्यासारखा दिसतो. ज्या माणसाला हे माहीत नाही त्याच्याकडून या खोट्या नाण्याचे पैसे घेणं ही सरळ फसवणूक आहे, आणि मला याचा मनापासून राग येतो. घासलेलं ओळखता येतं. ठसा भरल्यामुळे खूण न उमटलेलं मात्र कसं ओळखायचं? अशा वेळी सालाचा शेवटचा आकडाही पुसट येतो का?

चौथी गोष्ट साफसफाईची. देवघरातल्या नाण्यांवर हळद, कुंकू आणि तेलाचा थर घट्ट बसलेला असतो, आणि तो नेमका सालाच्या फटीत. मी कोमट पाण्यात साबण घालून रात्रभर भिजवतो, मग मऊ कापडाने टिपतो, घासत नाही. राख, चिंच, भांड्यांची पावडर यातलं काहीही लावत नाही, कारण स्टील कितीही टणक असलं तरी त्यावर पडलेले बारीक चरे कायमचे राहतात. एवढं करूनही काहींच्या फटीतलं कुंकू हलत नाही. त्यासाठी कुणी काही सौम्य उपाय वापरलाय का?

आणखी एक त्रास आहे, तो माहितीचा नाही, माणसांचा. मोबाइलवर "गेंड्याच्या चार आण्याला लाखो रुपये" असले व्हिडिओ बघून खेड्यातली साधी माणसं डबी कुलपात ठेवायला लागलीत. एका मावशींनी मला अगदी भाबडेपणाने विचारलं, "एका नाण्यात मुलीचं लग्न होईल ना रे?" त्यांना समजावताना जीव तुटतो. असल्या व्यवहारात आधी कर किंवा कमिशन म्हणून पैसे भरायला लावतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच आपल्या नावाने चाललेल्या जुन्या नोटा-नाण्यांच्या खोट्या खरेदी-विक्रीबद्दल लोकांना सावध केलं होतं. इथले कुणी गावाकडे जाणार असाल तर घरच्यांना एवढं जरूर सांगा.

चिकोडी, अथणी, हुक्केरी, संकेश्वर, कारवार या बाजूच्या कुणाच्या घरी अशी डबी असेल तर कृपया एकदा उघडून बघा. माझ्याकडे डायमंड आणि चांदणीची जादा नाणी आहेत. टिंब किंवा कोरं नाणं देणाऱ्याला त्याला हव्या त्या सालांची देईन, टपालखर्च माझा. फोटो टाकताना गेंड्याची बाजू वर ठेवा आणि उजेड एका अंगाने येऊ द्या. समोरून फ्लॅश मारला की स्टील चमकतं आणि सालाखालची खूण हरवते.